मॅडमला मी वडाखाली उभं केलं

मला मॅडमचा राग आला तो पहिल्या दिवशी नाही, चौथ्या दिवशी. पहिले तीन दिवस मी त्यांच्या बाजूने विचार करत होते. इतकी पोरं, इतकी धावपळ, विसरल्या असतील, असं म्हणत होते. माणूस आपलीच समजूत घालायला बसला की कितीही घालू शकतो.

आमचं गाव अमळनेरहून धुळ्याकडे जाताना रस्त्याच्या आत आहे. हे माझं माहेर. नवरा सुरतेला कापडाच्या कारखान्यात आहे, म्हणून मी मुलीला घेऊन इथेच, भावाच्या घराला लागून असलेल्या दोन खोल्यांत राहते. गावाच्या कडेने नाला जातो. उन्हाळ्यात त्यात नुसती वाळू असते. नाल्यापलीकडे दुसऱ्या गावाची शीव लागते आणि तिथे एक लिंबाची बाग आहे. बागेच्या मालकाने मध्ये पत्र्याचा मोठा हॉल बांधला आहे. दर उन्हाळ्यात त्या हॉलमध्ये शहरातल्या पोरांचं दहा दिवसांचं शिबिर भरतं. मॅडम ते चालवायच्या. त्या जळगावला मेहरूणकडे राहायच्या. माझ्याहून दहा वर्षांनी तरी मोठ्या असतील, पण मला मावशी म्हणायच्या.

शिबिराच्या आधी दोन महिने त्या माझ्या घरी आल्या होत्या. कोणीतरी त्यांना सांगितलं होतं की माझ्या हातची कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची भाकरी आणि भरीत चांगलं होतं. त्या ओट्यावर बसून दोन भाकरी जेवल्या, आणि दहा दिवस स्वयंपाकाला याल का म्हणून विचारलं. मी नाहीच म्हणणार होते. अनोळखी माणसांत माझं तोंड उघडत नाही. रेशनच्या दुकानातसुद्धा मी सगळ्यांच्या मागे उभी राहते आणि माझ्या मागून आलेल्या बायका माझ्या आधी धान्य घेऊन जातात. तेवढ्यात मॅडमचं लक्ष माझ्या मुलीकडे गेलं. ती उंबऱ्यावर पुस्तक घेऊन बसली होती, सहावीची परीक्षा जवळ आली होती. मॅडम म्हणाल्या, "हिला पण घेऊ शिबिरात. बाकीच्या मुलांबरोबर राहील, खेळेल, जेवेल."

मी हो म्हटलं ते या एका वाक्यासाठी. मी स्वतः चौथीनंतर शाळेत गेले नाही. माझी मुलगी शहरातल्या पोरांशेजारी बसेल, त्यांच्याशी बोलेल, माझ्यासारखी मागे उभी राहणार नाही, एवढंच मला पाहिजे होतं.

मुलीने पंधरा दिवस आधीच पिशवी भरून ठेवली. टॉवेल, ब्रश, कंगवा, दोन ड्रेस, एक कोरी वही. रोज संध्याकाळी ती सगळं बाहेर काढायची आणि पुन्हा भरायची.

पोरं बसने आली. त्यांच्या चाकांच्या बॅगा नाल्याच्या वाळूत रुतल्या, तेव्हा माझ्या मुलीने तीन-चार बॅगा डोक्यावरून पलीकडे नेऊन दिल्या. पोरांचे मोबाईल बिस्किटाच्या रिकाम्या डब्यात गोळा केले. मग सगळे गोल करून बसले. माझी मुलगी पण टोकाला बसली, मांडी घालून, वही मांडीवर ठेवून. मॅडम यादी वाचत गेल्या. यादी संपली. तिचं नाव आलं नाही. मॅडमनी तिच्याकडे पाहिलं, हसल्या आणि म्हणाल्या की बेटा, तू जरा आईला मदत कर, मग ये.

ते 'मग' तीन दिवस आलं नाही. ती पाण्याचे पेले भरायची, ताटं वाटायची, ताटं उचलायची आणि मोरीवर बसून घासायची. रात्री माझ्यासोबत घरी झोपायला यायची. भरलेली पिशवी मात्र ती हॉलच्या खुंटीवरच ठेवून आली होती.

पोरं वाईट नव्हती, हे सांगितलं पाहिजे. सकाळी पंपाच्या हौदावर अंघोळीला त्यांची झुंबड उडायची. मग प्रार्थना, मग गूळ-शेंगदाणे. मातीचे बैल करायचे, शेणाच्या गोवऱ्या थापायच्या, बागेतली लिंबं वेचायची. अकरानंतर बाहेर पाय टाकता येत नव्हता, असं ऊन. तेव्हा सगळी हॉलमध्ये कूलरसमोर आडवी पडायची आणि कूलरच्या तोंडाशी कोण झोपणार यावरून भांडायची. पहिल्या दिवशी कळण्याची काळपट भाकरी पाहून त्यांनी तोंडं वाकडी केली आणि नूडल्स मागितल्या. तिसऱ्या दिवशी एक नाशिकचा मुलगा तीन भाकरी खाऊन चौथी मागत होता. पुण्याची एक मुलगी पालीला इतकी घाबरायची की माझी मुलगी तिच्याबरोबर संडासापर्यंत जाऊन बाहेर उभी राहायची. पोरांनी तिला खो-खोत घेतलंसुद्धा. दोन डाव झाले आणि मॅडमनी शिट्टी वाजवून तिला पाणी भरायला पाठवलं.

चौथ्या दिवशी गावाची ओळख असा तास होता. मॅडमनी माझ्या मुलीला हाक मारली. मला वाटलं, आली एकदाची आठवण. मी कणकेच्या हातांनी दाराशी जाऊन उभी राहिले. त्यांनी तिला मधोमध स्टुलावर उभं केलं आणि पोरांना म्हणाल्या की ही गावातली मुलगी आहे, हिला काय विचारायचं ते विचारा. पोरं विचारू लागली. तुझ्या घरी टीव्ही आहे का. तू चप्पल का घालत नाहीस. एका मुलाने विचारलं, तुम्ही रोज अंघोळ करता का. मॅडम हसल्या. त्या हसल्या म्हणून सगळे हसले. माझी मुलगी हो म्हणाली, आणि मग पुढच्या एकाही प्रश्नाला तिने उत्तर दिलं नाही. स्टुलावर नुसती उभी. तशी गप्प मी असते. ती तशी नव्हती.

तास संपल्यावर मी आयुष्यात पहिल्यांदा पुढे होऊन कोणाला काही विचारलं. मी म्हटलं, "मॅडम, आता ती मुलांत बसली तर चालेल का?"

मॅडम सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "अहो मावशी, ती इथलीच आहे. तिला शिबिर कशाला? तिचं तर रोजच शिबिर असतं."

पुन्हा हसू झालं. मीही हसले. त्याची मला अजून लाज वाटते.

त्या संध्याकाळी मुलीने खुंटीवरची पिशवी काढून घरी आणली. एकेक वस्तू काढून जागेवर ठेवली. टॉवेल दोरीवर टाकला, कोरी वही फळीवर ठेवली. रडली नाही. दुसऱ्या दिवशी माझ्याबरोबर आली नाही. आणि मॅडमनी मला काय विचारावं? मुलगी का नाही आली, ताटं कोण घासणार.

चौथ्या दिवशी आलेला राग मग उतरलाच नाही. पीठ मळताना होता, झोपताना होता. मी काय काय करू शकते याचा विचार करू लागले. भाजीत तिखट टाकलं तर पोरं जळतील, मॅडम नाही. त्यांची भाजी वेगळी, बिनतेलाची असायची. एक दिवस मी तिच्यात मूठभर मीठ टाकलं. त्यांनी एक घास घेतला, बीपी वाढेल म्हणाल्या, आणि दही-भात खाल्ला. तेवढ्याने माझं काहीच भागलं नाही. मला त्यांना चारचौघांत स्टुलावर उभं करायचं होतं.

स्टूल मला आखाजीने दिलं.

आखाजी म्हणजे अक्षय तृतीया. आमच्याकडे दिवाळीपेक्षा हा सण मोठा. सासरी गेलेल्या लेकी माहेरी येतात, निंबाला झोके बांधतात, गौराईची गाणी म्हणतात. दुसऱ्या दिवशी उन्हं उतरल्यावर गौराई बोळवायला सगळ्या नाल्यावर जातात, आणि तिथे बार होतो. या काठावर आमच्या गावच्या बायका आणि लेकी, त्या काठावर पलीकडच्या गावच्या. मग एकमेकींना गाण्यातून शिव्या द्यायच्या. तुमची विहीर, तुमचे पुरुष, तुमचं काळं भरीत, काहीही. नियम दोनच. जी ज्या काठावर उभी, ती त्या गावची. आणि बारात बोललेलं घरी न्यायचं नाही. जिला राग आला ती हरली, आणि तिच्यापायी तिचा अख्खा काठ हरला. लहानपणापासून मी दरवर्षी बाराला उभी राहिले आहे, पण मागच्या रांगेत, नुसते ओठ हलवत.

आखाजीच्या दिवशी मी शिबिरात तीस पोरांसाठी पुरणपोळ्या करत होते. मॅडम आल्या. उद्या मुलांना लोककला दाखवायची आहे, काही पालकही येणार आहेत, कुठे उभं राहिलं तर चांगलं दिसेल, असं विचारू लागल्या.

मी पोळी उलटली आणि म्हटलं, "नाल्याच्या या बागेकडच्या काठाला वड आहे. तिथून समोरचं सगळं दिसतं. सावली पण आहे."

यात एक शब्द खोटा नव्हता. वा मावशी, म्हणाल्या त्या, फोटोही छान येतील.

त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी भाकरी थापता थापता ओळी जुळवल्या. थापण्याला ताल असतो, त्यात शब्द आपोआप बसतात. कोणाला म्हणून दाखवल्या नाहीत. फक्त दुपारी आमच्या आळीतल्या आक्कांकडे गेले. आक्का सत्तरीच्या आहेत, बाराला आमच्या काठाचं पुढारपण त्यांच्याकडे असतं. मी त्यांना म्हटलं की आज मला एकदा पुढे उभं राहू द्या. आक्कांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "तू? तुना तोंडमा जीभ शे का व माय?" म्हणाल्या. मग स्टुलाची गोष्ट मी त्यांना सांगितली. त्यांनी पानाची पिंक टाकली आणि म्हणाल्या, "ये. मना शेजारे उभी ऱ्हाय."

मुलगी यायला तयार नव्हती. मी तिला हाताला धरून नेलं.

पाच वाजले असतील. मॅडम पोरांची रांग घेऊन वडाखाली आल्या. डोळ्यांवर काळा चष्मा, हातात मोबाईल. सात-आठ पालक मागे होते. पलीकडच्या गावच्या बायकांनी हसून त्यांना जागा करून दिली, इतकंच नाही, अगदी पुढे उभं केलं. शिकलेली बाई आपल्या काठाला मिळाली याचा त्यांना आनंदच झाला.

आधी नेहमीची गाणी झाली. त्यांनी आमच्या पुरुषांच्या मिशा काढल्या, आम्ही त्यांच्या विहिरीतले बेडूक काढले. पोरं टाळ्या वाजवत होती. मॅडम पालकांना समजावून सांगत होत्या, मान हलवत होत्या. मग आक्कांनी मला कोपराने ढोसलं.

माझा आवाज पहिल्या ओळीला फुटलाच नाही. खाकरून पुन्हा सुरुवात केली.

वडखाले उभी बाई, हातमा मोबाईल मोठा,
गाव देखाले इनी, तिना तोंडना बोल खोटा.

आमच्या काठाने ओळ उचलली. चाळीस बायकांनी एकदम म्हटल्यावर नाला दणाणतो. पालकांतले दोघे हसले. मॅडमही हसल्या. त्यांना अजून कळलं नव्हतं. मी दुसरं म्हटलं.

पंगतमा बस म्हने, गोड बोली बलाई लिनी,
मनी सोनानी आंडेर मोरीवर बसाडी दिनी.

आंडेर म्हणजे लेक. पोरांतला नाशिकचा मुलगा ओरडला की मॅडम, हे तुमचंच गाणं आहे. पलीकडच्या बायका मॅडमच्या पाठीवर हात ठेवून म्हणू लागल्या की द्या ना उत्तर, तुम्ही शिकेल शेतस, आमनी लाज राखा. मॅडमनी चष्मा काढला. तेवढ्या अंतरावरूनही त्यांचं तोंड मला दिसत होतं, आणि मी ते पोटभर पाहून घेतलं. तीस पोरं त्यांच्याकडे बघत होती. पालक बघत होते. एक बाप मोबाईल वर धरून उभा होता.

गावनी पोर शे म्हने, तिले कसानं शिबिर?
तुले भाकर नही येस, तू कसानी वजीर?

वजीर कुठून आला मला माहीत नाही, शिबिरला जुळला म्हणून आला. पण बायकांना तो इतका आवडला की त्या थांबेचनात. तू कसानी वजीर, तू कसानी वजीर. आमचा काठ म्हणत होता, मग पोरं म्हणू लागली. आणि माझ्या कमरेशी एक बारीक आवाज त्यात मिसळलेला मला ऐकू आला. माझी मुलगी म्हणत होती. चौथ्या दिवसापासून घरात हो-नाहीच्या पुढे न गेलेली माझी मुलगी मान वर करून, समोर बोट दाखवून म्हणत होती.

मॅडम दोन पावलं वाळूत आल्या आणि ओरडल्या, "बंद करा हे. मावशी, उद्यापासून कामावर यायचं नाही तुम्ही."

बायकांनी गाणं थांबवलं. मग त्यांच्याच शेजारची एक म्हातारी कपाळाला हात लावून म्हणाली, "चिडनी व माय. बठ्ठा काठ हारना हाई बाईनापायी."

आमच्या बायकांनी जी आरोळी ठोकली ती गावात पारापर्यंत ऐकू गेली म्हणतात. पलीकडच्या बायका मॅडमकडे पाठ करून उभ्या राहिल्या. हरल्याचा त्यांना खरोखर राग आला होता, आमचा नाही, मॅडमचा. जिंकलेल्या काठाचा मान म्हणून गौराई आम्ही आधी बोळवली.

मी घरी आले. आता कामावर जायचं नव्हतंच, त्यांनी स्वतः सांगितलं होतं. त्या रात्री शिबिरात पोहे झाले असं कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मॅडम माझ्या दारात उभ्या होत्या. आखाजीच्या दिवसांत आमच्या गावात स्वयंपाकाला बाई मिळत नाही, सगळ्यांकडे लेकी-पाहुण्या असतात. पलीकडच्या गावात त्यांनी विचारून पाहिलं होतं, तिथे त्यांना कोणी पाणीसुद्धा विचारलं नव्हतं. मी बसा म्हटलं नाही. उंबऱ्याच्या आत उभी राहिले. त्या म्हणाल्या की काल रागात बोलून गेले, मुलं उपाशी आहेत, चला. मी काही बोलले नाही. माझं गप्प राहणं त्यांना आधी कधी जड गेलं नव्हतं, त्या दिवशी गेलं. थोड्या वेळाने त्या म्हणाल्या की मुलीलाही पाठवा, उरलेले तीन दिवस तिला यादीत घेते.

माझ्या मनात नाही होतं. तोंडावर आलं होतं. या बाईने माझ्या दारातून रिकाम्या हाताने जावं, एवढंच मला पाहायचं होतं. पण मागे मुलगी उभी होती. मी तिला विचारलं, जायचं का तुला?

तिने एक क्षणही लावला नाही. "जाऊ," म्हणाली. दोरीवरचा टॉवेल ओढला आणि पिशवी भरायला बसली. मला वाईट वाटलं. मला वाटलं होतं, ती माझ्यासारखीच जळत असेल. तिला खेळायचं होतं.

मग मी मॅडमना सांगितलं, "मुलगी येईल. मी येणार नाही."

त्या म्हणाल्या, मग स्वयंपाक कोण करेल?

मी म्हटलं, "ते तुम्ही बघा."

एवढी दोन वाक्यं मी शांतपणे बोलले, आणि दार लावून घेतलं.

एरवी त्यांनी अमळनेरहून कोणाला आणलं असतं, पण सणात अमळनेरहूनही कोणी आलं नाही. तीन दिवस मॅडमनी स्वतः चूल सांभाळली. चाळीस-बेचाळीस डिग्रीचं ऊन, वर पत्रा, समोर जाळ. पिठाचा डबा मीच भरून ठेवलेला होता, पण कळण्याचं पीठ थापायला हात लागतो, तो काही डब्यात ठेवता येत नाही. आणि पंगतीत सगळ्यांबरोबर माझी मुलगी बसायची, आणि मॅडम वाकून तिच्या ताटात वाढायच्या.

तिसऱ्या दिवशी शिबिर संपल्यावर ती घरी आली. हात काळे, केसात माती, वहीत पोरांचे पत्ते. तिला खो-खोची गोष्ट सांगायची होती, पुण्याच्या मुलीने पाल हातात धरली ती सांगायची होती. मी आधी तिला विचारलं, भाकरी कशी होती?

"जाड," ती म्हणाली. "खालून करपेल, मधमा कच्ची."

"आणि वाढताना त्या काय म्हणायच्या?"

"बेटा, अजून घे म्हणायच्या."

"तू घेतलीस?"

"नही. मी म्हटलं, कच्ची शे."

"सगळ्यांसमोर?"

"सगळ्यांसमोर."

मी तिला ते पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावलं.